पीसी जुळला, विंडोज काही पडेना

घरी असेंबल केलेला पीसी पहिल्यांदा सुरू झाला की जीव भांड्यात पडतो. पंखे फिरतात, बायोसमध्ये प्रोसेसरचं नाव येतं, रॅमचा आकडा बरोबर असतो, एसएसडी दिसते. बायोस उघडा ठेवून जेवून आलं तरी यंत्र हूं की चूं करत नाही. पंचाईत सुरू होते ती पेनड्राइव्ह लावल्यावर. फाइली उलगडण्याचा आकडा चाळिशीत पोचतो आणि निळा पडदा येतो. पुन्हा बसावं तर या खेपेला बारा टक्क्यांवरच 'आवश्यक फाइल खराब आहे' असा निरोप. पुढच्या वेळी निरोपसुद्धा नाही, नुसता रीस्टार्ट. मग सल्ल्यांचा पाऊस पडतो: पेनड्राइव्ह बदल, आयएसओ पुन्हा डाउनलोड कर, दुसरी विंडोज टाकून बघ, बायोस अपडेट कर, एसएमपीएस भिकार असणार. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या पीसीच्या बाबतीत खरा ठरलेला असतो, म्हणून तर तो टिकून आहे. कोणता सल्ला कधी लागू पडतो हे सांगणारा मात्र क्वचितच भेटतो.

बायोसमध्ये ठणठणीत असलेला पीसी इन्स्टॉलेशनलाच का कोसळतो, याचं उत्तर त्या वेळी आत काय चाललेलं असतं त्यात आहे. बायोसचा पडदा दाखवायला मूठभर मेमरी पुरते. विंडोजच्या पेनड्राइव्हवर मात्र 'सोर्सेस' फोल्डरमध्ये काही जीबींची एक थोराड फाइल असते, इन्स्टॉल डॉट विम किंवा इन्स्टॉल डॉट ईएसडी. तिच्यात हजारो फाइली दाबून भरलेल्या असतात आणि त्यांतल्या मजकुराच्या पडताळणीसाठी एसएचए-१ हॅशही सोबत ठेवलेला असतो. इन्स्टॉलर ही फाइल वाचतो, रॅममध्ये आणतो, प्रोसेसरकडून उलगडून घेतो, हॅश जुळतो का बघतो आणि एसएसडीवर लिहितो. त्यातच यंत्रातल्या प्रत्येक भागाला आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हर मिळत असतो. सिनेमाच्या फाइलमधला एक बिट उलटा झाला तर एखादा ठिपका क्षणभर वेगळ्या रंगाचा दिसेल, कुणाला कळणारही नाही. दाबलेल्या फाइलमधला एक बिट उलटला तर त्याच्या पुढचं उलगडणंच बिघडतं, हॅश जुळत नाही आणि इन्स्टॉलर हात वर करतो.

हात वर करताना तो जे सांगतो ते फसवं असतं. ८००७०५७० ने संपणारा कोड म्हणतो की फाइल खराब आहे. फाइल पेनड्राइव्हवर खराब होती, यूएसबी पोर्टमधून येताना झाली की रॅममध्ये पडल्यावर झाली, हे त्याला माहीत नसतं. चूक जिथे पकडली गेली त्या जागेचं नाव तो सांगतो, जिथे झाली त्या जागेचं नाही. म्हणून लोक पेनड्राइव्हमागून पेनड्राइव्ह बदलत बसतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, तशातली गत.

यातून वाट काढणारा प्रश्न जुना आहे. १९९० च्या दशकात लिनक्सवाले स्वतःच कर्नल कंपाइल करायचे आणि जीसीसी हा कंपाइलर मध्येच 'सिग्नल ११' देऊन मरायचा. या एका विषयावर रॉजिअर वुल्फ यांनी प्रश्नोत्तरांचं टिपण लिहिलं होतं आणि ते तेव्हा खूप वाचलं गेलं. त्याचा गाभा एवढाच: पुन्हा चालवा आणि बघा की त्याच जागी मरतं का. त्याच जागी मरत असेल तर प्रोग्राममध्ये दोष शोधा; दर वेळी जागा बदलत असेल तर हार्डवेअरमध्ये. तीस वर्षांत प्रोसेसर, रॅम, डिस्क सगळं बदललं, पण घरच्या पीसीसाठी याहून स्वस्त आणि याहून उपयोगी कसोटी माझ्या पाहण्यात नाही. कोड गूगल करण्याआधी दोन-तीनदा इन्स्टॉलेशन करावं, कोसळण्याची जागा आणि कोड कागदावर लिहून ठेवावा. एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' अशी वेगवेगळी नावं आली, तर त्या नावांचे अर्थ शोधण्यात वेळ घालवू नये. नावं बदलतात हाच पुरावा आहे.

आणि जागा बदलत असेल, तर पहिला संशय रॅमवर घ्यावा.

रॅमच्या बाबतीत दिग्गजही चकतात. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा पीसी त्यांनी स्वतः जुळवलेला. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तो कर्नल कंपाइल करताना विचित्र पद्धतीने अडखळू लागला. त्यांना आधी कर्नलमध्येच नवा दोष शिरल्याचा संशय आला. निघाली ती अडीच वर्षं व्यवस्थित चाललेली आणि मग अचानक बिघडलेली रॅमची एक स्टिक. त्या पीसीत चुका आपोआप दुरुस्त करणारी ईसीसी रॅम नव्हती. ती घरगुती पीसीत सहसा नसतेच. डीडीआर५ च्या खोक्यावर 'ऑन-डाय ईसीसी' असं छापलेलं असतं, त्याने हुरळून जाऊ नये. ते चिपच्या पोटातल्या चुका सावरतं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर जे होतं त्याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि घरच्या पीसीत बहुतेक वेळा गडबड होते ती याच वाटेवर.

कारण ही वाट ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवली जाते. डीडीआर५ ची स्टिक प्रमाणित पद्धतीने सुरू होते ती साधारण ४८०० च्या वेगावर. खोक्यावर छापलेला ६००० चा वेग हवा असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करावं लागतं. दुकानदार ते चालू करूनच देतो, यूट्यूबवरचे शिक्षकही आधी तेच करायला लावतात. प्रत्यक्षात हे ओव्हरक्लॉकिंग आहे, फक्त त्याला ते नाव देत नाहीत. रायझेन ७००० मालिकेसाठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन स्टिकना ५२०० आहे आणि चारही स्लॉट भरले तर फक्त ३६००. 'पुढे वाढवता येईल' म्हणून चार स्टिक भरून ६००० वर चालवायला जाणारा माणूस अधिकृत मर्यादेच्या किती पलीकडे गेलाय हे त्याला कुणी सांगत नाही. माझं मत स्पष्ट आहे: ऑपरेटिंग सिस्टिम पडेपर्यंत एक्सएमपी, एक्स्पो दोन्ही बंद ठेवावं. सगळं सुरळीत पडलं की मग चालू करून बघावं. त्यानंतर कोसळलंच तर कारण निदान माहीत असेल.

ओव्हरक्लॉकिंगचा एक किस्सा मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २००५ मध्ये लिहिला होता. विंडोजच्या क्रॅश रिपोर्टांमध्ये त्यांच्या एका सहकाऱ्याला चक्रावून टाकणारे क्रॅश सापडले. यंत्र कोसळलं होतं ते एका रजिस्टरमध्ये शून्य भरण्याच्या सूचनेवर. ही सूचना मेमरीला हातच लावत नाही, तिच्यावर क्रॅश होणं शक्यच नाही. चौकशी केल्यावर त्यांतले कितीतरी पीसी ओव्हरक्लॉक केलेले निघाले, आणि काही मालकांना त्याचा पत्ताच नव्हता. विकणाऱ्याने कमी वेगाचा प्रोसेसर पळवून जास्त वेगाचा म्हणून गळ्यात मारला होता.

तपासणीचं साधन फुकट आहे. ख्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये मेमटेस्ट८६ लिहिला. त्याच्यातून निघालेला मेमटेस्ट८६+ २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून आजच्या यूईएफआय मदरबोर्डवरही चालतो. पेनड्राइव्हवरून तो थेट सुरू होतो, विंडोज लागतच नाही. निदान एक पूर्ण फेरी होऊ द्यावी. जमलं तर रात्रभर. उत्तीर्ण होण्याचा आकडा शून्य. 'दोनच तर एरर आहेत' या वाक्याला काही अर्थ नाही, कारण इन्स्टॉलरला एकच पुरतो. एरर आले की एकेक स्टिक वेगळी लावून बघायची, आणि ती योग्य स्लॉटमध्ये: दोन स्टिक असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. आपल्याकडचे जुने टेक्निशियन स्टिकचे सोनेरी पाय खोडरबराने पुसतात, त्यावर हसू नये. संपर्क खराब असतो तेव्हा त्याने खरंच काम होतं, फक्त रबराचा चुरा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नये. स्टिक बदलली तरी एकाच स्लॉटमध्ये एरर येत राहिले तर नजर प्रोसेसरच्या सॉकेटकडे वळवावी. तिथली वाकलेली एखादी पिन किंवा तिरका आवळलेला कूलर एक मेमरी चॅनेल बिघडवू शकतो.

प्रोसेसर खराब निघणं दुर्मीळ, असं आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीने या समजुतीला चांगलाच धक्का दिला. २०२४ मध्ये हे प्रकरण चव्हाट्यावर आलं. लक्षणं लक्षात घेण्यासारखी होती: गेम सुरू होताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा निरोप, एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकतानाच अपयश. ग्राफिक्स कार्डाचा काही दोष नव्हता. बिघडत होतं ते दाबलेला डेटा उलगडण्याचं काम, म्हणजे इन्स्टॉलर जे करतो तेच. जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर हळूहळू झिजत होते. इंटेलने ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हा बायोस अपडेटमधून मिळणारा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मायक्रोकोड पुढची झीज थांबवण्यासाठी आहे, झालेली झीज भरून काढत नाही. त्यामुळे या दोन पिढ्यांचा प्रोसेसर सेकंडहँड घेणाऱ्याने त्याचं आधीचं आयुष्य कोणत्या बायोसवर गेलं हे विचारलं तर तो संशयी स्वभाव ठरू नये. दुकानात पडून असलेल्या नव्याकोऱ्या मदरबोर्डावरही बायोस जुनाच असतो. विंडोज टाकायच्या आधी तो अपडेट करावा. एरवी 'बायोसला हात लावू नकोस' म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी आहे, पण इथे नाही.

कसलाही पडदा न येता पीसी फटकन बंद होत असेल तर वीज किंवा उष्णता. कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लॅस्टिक न काढताच तो बसवणारे अजूनही सापडतात. असा प्रोसेसर शंभर अंशांच्या घरात जाऊन स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. बायोसमध्ये तापमान दिसतं, तिथेच कळतं. विजेच्या बाजूला कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस आणि नीट न बसलेली प्रोसेसरची आठ पिनांची केबल हे नेहमीचे संशयित. महाराष्ट्रात तिसरा धरायचा तो घरचा इन्व्हर्टर. त्याच्या पाठीवरचं बटण 'नॉर्मल' मोडवर असेल तर लाइट गेल्यावर बॅटरीवर येताना जो वेळ जातो तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होऊ शकतो. पंखे, दिवे चालूच राहतात, त्यामुळे लाइट गेली होती हे घरात कुणाला कळतही नाही. इन्स्टॉलेशनपुरता तरी तो 'यूपीएस' मोडवर ठेवावा.

आता दुसरी बाजू: दर वेळी त्याच जागी, त्याच कोडने कोसळणारी यंत्रं. यांचा इतिहास मजेशीर आहे, कारण जवळजवळ प्रत्येक गोष्ट एकच आहे. इन्स्टॉलर लिहिला गेला तेव्हा ते हार्डवेअर जन्मलंच नव्हतं.

विंडोज ९५ मध्ये एक वेळ मोजणारा लूप होता. तो किती वेळात संपला त्या आकड्याने भागाकार करायचा. एएमडीचा के६-२ हा प्रोसेसर ३५० मेगाहर्ट्झ आणि त्यापुढे गेला तेव्हा लूप इतका झटपट संपू लागला की भाजक शून्य व्हायचा आणि विंडोज सुरू होतानाच कोलमडायची. प्रोसेसर चांगला होता हाच त्याचा गुन्हा. विंडोज ९८ ला ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम झेपायची नाही. एक्सपीच्या काळात साटा हार्डडिस्क आल्या. एक्सपीकडे त्यांच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसायचा, म्हणून सुरुवातीलाच एफ६ दाबून फ्लॉपीवरून तो द्यायचा. फ्लॉपी ड्राइव्ह केवळ यासाठी लोकांनी कपाटातून काढून लावलेले आहेत. विसरलात तर ०एक्स७बीचा निळा पडदा ठरलेला. विंडोज ७ ची तऱ्हा त्याहून केविलवाणी. २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून इंटेलने जुना यूएसबी कंट्रोलर काढून टाकला आणि विंडोज ७ ला नव्याची भाषा येत नव्हती. इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून सुरू व्हायचा आणि पहिल्याच पडद्यावर माउस, कीबोर्ड दोन्ही मेलेले. वर 'सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही' हा निरोप, ज्या पीसीला सीडी ड्राइव्हच नाही त्याला!

आज तीच जागा इंटेलच्या व्हीएमडी या स्टोरेज कंट्रोलरने घेतली आहे. अकराव्या पिढीपासून पुढच्या अनेक पीसींत विंडोजचा इन्स्टॉलर 'एकही ड्राइव्ह सापडत नाही' म्हणतो. एसएसडी शाबूत असते, बायोसमध्येही दिसते. इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवावा किंवा बायोसमध्ये व्हीएमडी बंद करावा. अनेक डिस्क जोडून रेड करायचं नसेल तर दुसरा मार्ग सोपा. पण विंडोज पडल्यानंतर हा पर्याय उगाच बदलू नये, नाहीतर चालती विंडोज सुरू व्हायची थांबते.

लिनक्सवाल्यांचं दुखणं बहुधा ग्राफिक्स कार्डाचं. मेनू दिसतो, 'इन्स्टॉल' निवडलं की काळा पडदा, आणि मग कितीही वाट पाहा. नव्या एनव्हिडिया कार्डाशी नूवो ड्रायव्हरचं जमत नाही तेव्हा असं होतं. बूटच्या ओळीत नोमोडसेट हा शब्द घातला की काम भागतं. उबुंटूच्या मेनूत 'सेफ ग्राफिक्स' म्हणून वेगळा पर्यायच दिलेला आहे.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने २०२४ मध्ये आणखी एक नमुना पेश केला. वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या एसएसडींच्या २ टीबी मॉडेलवर निळे पडदे येऊ लागले. या एसएसडींना स्वतःची रॅम नसते, त्या पीसीच्या रॅममधला थोडा भाग उसना घेतात. आधीची विंडोज ६४ एमबी देत होती, नवी २०० एमबी देऊ लागली आणि एसएसडीच्या फर्मवेअरला ते पेललं नाही. उपाय फर्मवेअर अपडेटचा. म्हणजे दोष रॅमचाही नाही आणि एसएसडी खराब झाली असंही नाही.

पेनड्राइव्ह खरंच गुन्हेगार असतो तो इथे, या एकाच जागी कोसळणाऱ्यांच्या गटात. आयएसओतल्या फाइली नुसत्या ओढून पेनड्राइव्हवर टाकल्या तर फॅट३२ ची ४ जीबीची मर्यादा आडवी येते आणि थोराड फाइल बसत नाही. रूफससारखं साधन वापरलं की हा प्रश्न उरत नाही. फुटपाथवर मिळणारे '१२८ जीबी'चे पेनड्राइव्ह आतून कधी कधी ८ जीबीचे असतात. त्यापुढे लिहिलेलं सगळं हवेत जातं आणि तक्रार येते ती वाचताना. आयएसओचा एसएचए-२५६ आकडा अधिकृत आकड्याशी ताडून पाहायला विंडोजमधली सर्टयूटिल ही आज्ञा पुरते. एकदा आकडा जुळला की आयएसओवरचा संशय कायमचा सोडावा. पुन्हा पुन्हा डाउनलोड केल्याने ती जास्त खरी होत नाही.

काही 'क्रॅश' तर क्रॅशच नसतात. पहिला टप्पा संपून पीसी रीस्टार्ट होतो, बायोसमध्ये पेनड्राइव्ह पहिल्या क्रमांकावर असतो आणि इन्स्टॉलर परत भाषा विचारू लागतो. माणसाला वाटतं, गेलं सगळं. रीस्टार्टच्या वेळी पेनड्राइव्ह काढला की संपलं. एएमडीचा एएम५ मदरबोर्ड पहिल्यांदा सुरू होताना डीडीआर५ रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे तिच्याशी ताळमेळ बसवतो, आणि त्यात कित्येक मिनिटं पडदा काळा राहू शकतो. घाबरून बटण दाबून धरलं की ते सगळं पहिल्यापासून. टीपीएम किंवा सिक्युअर बूट नाही म्हणून विंडोज ११ अडते ते तर सरळ नकार देणं आहे, कोसळणं नव्हे.

इन्स्टॉलर स्वतः काय टिपून ठेवतो हे बघणारे थोडेच. विंडोजच्या इन्स्टॉलेशनमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबलं की काळी खिडकी उघडते. पँथर नावाच्या फोल्डरमध्ये सेटअपएरर डॉट लॉग सापडते आणि शेवटच्या काही ओळी पडद्यावरच्या गोड शब्दांपेक्षा जास्त बोलतात. लिनक्सवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबून डीमेसेग चालवावं. तिथे 'हार्डवेअर एरर' असे शब्द दिसले तर पुढची चर्चा संपली. 'स्क्वॉशएफएस एरर' दिसला तर आयएसओ, पेनड्राइव्ह आणि रॅम हे तिघे संशयित, आणि जागा बदलते का हा प्रश्न पुन्हा तिथेच येतो.

असेंबल्ड पीसी ब्रँडेडपेक्षा जास्त कोसळतो का, यावर मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख पीसींच्या क्रॅश नोंदी अभ्यासल्या होत्या. ब्रँडेड पीसी जास्त भरवशाचे निघाले, ओव्हरक्लॉक केलेले कमी. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते तिसरं: हार्डवेअरमुळे एकदा कोसळलेला पीसी पुन्हा कोसळण्याची शक्यता काही बाबतीत शंभरपटीपर्यंत वाढते. 'एकदाच झालं, नंतर पडली की विंडोज' म्हणून तो पीसी तसाच वापरायला घेणाऱ्यांनी हे वाचायला हवं. चौथ्या प्रयत्नाला पडलेल्या विंडोजमध्ये कोणती फाइल कशी लिहिली गेली आहे ते कोणाला माहीत?

ब्रँडेड पीसी घेतला की दोष कोणाचा हे कंपनीने ठरवायचं. असेंबल्डमध्ये ते आपल्याला ठरवावं लागतं, आणि मग मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या काउंटरवर पटवूनही द्यावं लागतं. इथे एक्सएमपीचं भूत पुन्हा उभं राहतं. दुकानदार तुमची रॅम त्याच्या पीसीत ४८०० वर लावतो, ती तिथे मजेत चालते आणि 'माल ओके आहे' म्हणून परत हातात येते. रॅमवाला म्हणतो, आम्ही ६००० वर तपासूनच दिली. प्रोसेसरवाल्याकडे जावं तर एएमडीच्या अटींत एक्स्पो चालू करणंही ओव्हरक्लॉकिंगमध्येच मोडतं. म्हणून मेमटेस्ट दोनदा चालवावा, एकदा प्रमाणित वेगावर, एकदा खोक्यावरच्या. प्रमाणित वेगावरही लाल ओळी आल्या तर त्या पडद्याचा फोटो वेगासकट काढावा आणि जोडीतली एकच स्टिक खराब असली तरी दोन्ही घेऊन जावं, कारण किट म्हणून विकलेली रॅम किट म्हणूनच बदलून मिळते. फक्त ६००० वर एरर येत असतील तर ५६०० वर चालवून बघणं हे भांडण्यापेक्षा स्वस्त पडतं.